बाखाराख आणि आजूबाजूची ऱ्हाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की फ्रँकफर्ट-माइन्झकडच्या मराठी घरांत आई-बाबा, सासू-सासरे येतात आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: ऱ्हाइन बघायचीये, किल्ले बघायचेत, कुठे जाऊ, एका दिवसात होईल का. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं त्याच नजरेनं वाचाल: या खोऱ्यात कमी ठिकाणं बघा, पण एक रात्र नदीकाठी राहा.

बाखाराख नेमकं आहे कुठे? सगळे तर रुडेसहाइमला जातात, मग हेच का?

माइन्झ आणि कोब्लेंझच्या मध्ये, ऱ्हाइनच्या डाव्या काठावर. डावा-उजवा काठ ठरवताना नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे सारखं लागणार आहे. बिंगेन-रुडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंतचा साधारण ६५ किलोमीटरचा हा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि किल्ल्यांची सगळ्यात जास्त गर्दी याच पट्ट्यात आहे. बाखाराख म्हणजे दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव, नदीला लागून तटबंदी, तटबंदीच्या आत लाकडी चौकटीची जुनी घरं आणि मागे लगेच उभ्या चढाचे द्राक्षमळे.

रुडेसहाइम वाईट नाही, तिथली रोपवे आणि १८८३ चं नीडरवाल्ड स्मारक बघण्यासारखं आहे, पण दुपारी तिथल्या मुख्य गल्लीत टूर बसच्या ग्रुपमधून वाट काढत चालावं लागतं. बाखाराखलाही दुपारी गर्दी होते, नाही असं नाही, फक्त संध्याकाळची बोट गेली की गाव एकदम रिकामं होतं आणि तीच वेळ खरी बघायची असते.

फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून थेट जाता येतं का?

एक ठिकाणी बदलून जाता येतं. एअरपोर्टच्या रिजनल स्टेशनवरून एस ८ लोकल पकडा, साधारण अर्ध्या तासात माइन्झ मुख्य स्टेशन येतं, तिथून कोब्लेंझच्या दिशेची आरबी २६. ती छोट्या स्टेशनांवर थांबत थांबत जाते, बाखाराखलाही थांबते. एकूण दीड तास धरा, बदलायला वेळ लागला तर पावणेदोन. लांब पल्ल्याच्या गाड्या याच रुळांवरून जातात पण बाखाराखला थांबत नाहीत, त्यामुळे घाईत चुकीच्या गाडीत बसलात तर थेट कोब्लेंझला उतराल. माइन्झनंतर डावीकडची खिडकी नको, नदी उजवीकडे असते.

एक महत्त्वाचं: स्वस्त विमानाच्या तिकिटावर "फ्रँकफर्ट हान" असं दिसलं तर ते फ्रँकफर्ट नव्हे. ते विमानतळ हुन्सरुकच्या पठारावर आहे, फ्रँकफर्टपासून शंभरावर किलोमीटर लांब. गंमत म्हणजे बाखाराखला ते रस्त्यानं जवळ पडतं, पण तिथे रेल्वे नाही, तेव्हा गाडी असेल किंवा कोणी न्यायला येणार असेल तरच उपयोग.

तिकीट कुठलं काढू? दर वेळी मशीनसमोर उभं राहून गोंधळ होतो.

तुम्ही जर्मनीत राहत असाल आणि डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर विषय संपला, फ्रँकफर्टपासून बाखाराखपर्यंत सगळं त्यात बसतं, फक्त बोट आणि फेरी बसत नाही. जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो आहे. पाहुण्यांसाठीही घेता येतं पण ते सबस्क्रिप्शन असतं, आपोआप पुढच्या महिन्यात जातं, ज्या महिन्यानंतर नकोय त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कॅन्सल करायचं. आई-बाबा तीन-चार आठवडे राहणार असतील तर मी हेच सुचवते, कारण मग ते तुम्ही ऑफिसला गेल्यावर दोघंच आजूबाजूला फिरू शकतात आणि दर वेळी तिकिटाचा हिशेब डोक्यात राहत नाही.

चार-पाच जणांचा एका दिवसाचा बेत असेल तर ऱ्हाइनलांड-फाल्त्स टिकेट बघा, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं आणि माणसं वाढतील तसं माणशी स्वस्त पडतं. दोन अटी आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं. आणि ते राज्याचं तिकीट आहे, फ्रँकफर्ट दुसऱ्या राज्यात, हेसेनमध्ये, त्यामुळे फ्रँकफर्ट ते माइन्झचं तिकीट वेगळं लागेल.

व्हिसा वेगळा लागतो का?

नाही, नेहमीचा शेंगेन व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, ३० हजार युरो कव्हरचा प्रवास विमा सक्तीचा, मोठ्यांसाठी फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून मेमध्ये यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच तयारीला लागा. सामानात पेढे, तूप, पनीर, श्रीखंड आणू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चिवडा, चकली, लोणचं चालतं.

कधी जावं? डिसेंबरात सुट्टी आहे, तेव्हा चालेल का?

एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळं चालू असतं. मला स्वतःला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात सगळ्यात आवडते, मळ्यांमध्ये तोडणी चालू असते, पानं पिवळी व्हायला लागलेली असतात, ऊन असतं पण भाजत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा मिळतो पण खोलगट दरी असल्यानं उकाडाही साचतो.

डिसेंबर ते मार्च मात्र विचार करून या. नेहमीच्या प्रवासी बोटी बंद, बरीच हॉटेलं आणि वाइनघरं बंद, काही किल्ले बंद, दुपारी साडेचारला अंधार. ख्रिसमस मार्केट बघायचं असेल तर माइन्झ किंवा कोब्लेंझला राहा आणि ट्रेननं खोऱ्यातून एक फेरी मारा, खिडकीतूनही किल्ले दिसतातच.

एका दिवसात उरकेल का?

उरकेल. सकाळी माइन्झहून ट्रेन, गावात दोन तास, दुपारी बोटीनं सांक्त गोआर, तिथला ऱ्हाइनफेल्स किल्ला, संध्याकाळी ट्रेननं परत. यात धावपळ होत नाही. धावपळ तेव्हा होते जेव्हा लोक त्यातच रुडेसहाइम, लोरेलाय आणि कोब्लेंझही घुसवतात, मग दिवसभर घड्याळच बघत बसायचं.

पण जमत असेल तर एक रात्र राहाच. संध्याकाळी सहानंतर पश्चिमेचा डोंगर गावावर सावली टाकतो आणि समोरच्या काठावरच्या मळ्यांवर अजून तासभर ऊन असतं, नदीकाठच्या बागेत बाकावर बसून मालवाहू बार्ज मोजत राहायचं, लांबलचक असतात, मागे केबिन, केबिनच्या छतावर बऱ्याचदा त्या कुटुंबाची कार उभी केलेली, खिडक्यांना पडदे आणि कुंड्या. प्रवाहाविरुद्ध जाणारी बार्ज इतकी हळू जाते की ती नजरेआड होईपर्यंत तुमचा चहा संपतो.

गावात नेमकं बघायचं काय? फोटोतलं ते वाकडं घर कुठे आहे?

ते आल्टेस हाउस, मुख्य रस्त्यावर चौकातच आहे, चुकूच शकत नाही. १३६८ सालचं मानतात, आज दिसतं ते लाकूडकाम बरंचसं नंतरचं, सोळाव्या शतकातलं. थोडं जवळ जाऊन बघा: उभे-आडवे-तिरके वासे, वाशांच्या मधल्या चौकटी मातीकामानं भरून वर पांढरा गिलावा, कोपऱ्यांवर निमुळते मनोरे आणि सगळ्यावर पाटीच्या दगडाची काळी कौलं. हाच दगड मागच्या डोंगरात आहे, मळ्यातही त्याचेच तुकडे पायाखाली कुरकुरतात, दिवसभर तापतात आणि संध्याकाळी हात लावला तरी गरम लागतात. रीझलिंगच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या, वेलींना रात्री तीच ऊब मिळते, इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकण्यात या दगडाचा मोठा वाटा आहे.

मग तटबंदीवरून चाला. नदीच्या बाजूची भिंत बऱ्यापैकी शाबूत आहे, तिच्यावरून चालायला वाट आहे आणि एका हाताला लोकांच्या घरांच्या खिडक्या, दुसऱ्या हाताला रेल्वे, रस्ता, नदी. दरवाज्यांपैकी एकाचं नाव क्रानेनटोर, म्हणजे क्रेनचा दरवाजा, आणि या गावाची श्रीमंती कुठून आली ते त्यात आहे. वरच्या अंगाला बिंगेनजवळ नदीत खडकांची एक आडवी रांग होती, तिथून मोठी जहाजं जाऊ शकत नव्हती, त्यामुळे वरच्या भागातली वाइन छोट्या होड्यांतून किंवा गाड्यांतून बाखाराखपर्यंत यायची, इथे मोठ्या जहाजांवर चढायची आणि पुढे क्योल्नच्या (कोलोनच्या) बाजारात "बाखाराखची वाइन" म्हणून विकली जायची. पिकायची भलतीकडेच. तो खडक सुरुंग लावून टप्प्याटप्प्यानं फोडला, एकोणिसाव्या शतकात मोठी वाट केली आणि शेवटचं काम १९७४ मध्ये झालं.

शेवटी पोस्टेनटुर्म, मळ्यातला तटबंदीचा बुरूज. गावातून दहा-पंधरा मिनिटांचा चढ. पोस्टकार्डवरचा फोटो, म्हणजे खाली छपरं, मध्ये चर्च, मागे नदी, तो याच बाजूनं मिळतो आणि सकाळपेक्षा दुपारनंतर उजेड चांगला असतो.

चर्चच्या वर ते छप्पर नसलेलं लाल दगडाचं बांधकाम काय आहे? फोटोला फार सुंदर दिसतं.

ते वेर्नर चॅपल. सुंदर आहेच, नुसत्या खिडक्यांच्या कमानी उरल्यात आणि त्यातून आकाश दिसतं. पण त्यामागची गोष्ट माहीत करून घेतल्याशिवाय तिथे सेल्फी काढू नका अशी माझी मनापासून विनंती आहे.

१२८७ साली ओबरवेजेलकडचा वेर्नर नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा मेलेला सापडला. ज्यू लोकांनी त्याला धार्मिक विधीसाठी मारलं अशी आवई उठली. पुरावा काहीही नव्हता, पण नदीकाठच्या गावागावांत ज्यू कुटुंबांची कत्तल झाली. राजा रुडॉल्फनं आरोप खोटा मानला आणि कत्तल करणाऱ्यांना दंड केला, तरी लोकांनी त्या मुलाला संत करून टाकलं, बाखाराखला त्याच्या थडग्यावर हे चॅपल उभं राहायला लागलं, यात्रेकरू यायला लागले, पैसा यायला लागला. ट्रियरच्या धर्मप्रांतानं त्याचं नाव आपल्या संतांच्या कॅलेंडरमधून काढलं ते थेट १९६३ मध्ये. आता तिथे एक फलक आहे, ज्यूंवर शतकानुशतकं झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागणारी प्रार्थना त्यावर आहे. जर्मन येत नसेल तर फोनवर भाषांतर करून वाचा, दोन मिनिटं लागतात. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही सांगा, अफवेनं माणसं कशी मरतात ते त्यांना कळायला हवं.

छप्पर का नाही, तर १६८९ मध्ये फ्रेंच सैन्यानं वरचा श्टालेक किल्ला सुरुंगानं उडवला आणि त्याचे दगड या चॅपलवर कोसळले.

किल्ल्यात राहता येतं म्हणतात, खरंय का? महाग असेल ना?

खरंय आणि महाग नाही. गावाच्या वरचा श्टालेक किल्ला हे यूथ हॉस्टेल आहे, विसाव्या शतकात अवशेषांवरून पुन्हा बांधलेला. नावात यूथ असलं तरी वयाची अट नाही, कुटुंबांसाठी खोल्या असतात, नाश्ता असतो. हॉस्टेल संघटनेचं सभासदत्व लागतं, ते बुकिंग करताना घेता येतं. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्यांत खूप आधी भरतं. खोल्या साध्या आहेत, हॉटेलची अपेक्षा ठेवून जाऊ नका, अंगणातून दिसणाऱ्या नदीसाठी जा.

पायवाटेनं चढ चांगलाच आहे, चॅपलच्या बाजूनं पायऱ्या-पायऱ्यांनी जावं लागतं, चाकाची मोठी बॅग घेऊन तर अजिबात नको. मोठं सामान असेल तर टॅक्सी करा, गाडीरस्ता मागून वर जातो.

या किल्ल्याची एक गोष्ट मला फार आवडते. ११९४ च्या सुमारास इथल्या पॅलाटिन काउंटची, म्हणजे सम्राटाच्या बड्या सरदाराची, मुलगी आग्नेस हिचं फ्रान्सच्या राजाशी जुळवायचं घाटत होतं, तिला हवा होता वेल्फ घराण्यातला हाइनरिख, म्हणजे घरच्यांच्या कट्टर विरोधकांचा मुलगा. तिच्या आईनंच वडील बाहेर असताना दोघांचं लग्न याच किल्ल्यात लावून दिलं. सम्राट चिडला, पण शेवटी दोन घराण्यांमध्ये समेट झाला तोही या लग्नामुळेच.

बोट कुठून कुठपर्यंत घ्यावी? कुठल्या बाजूला बसू?

बाखाराख ते सांक्त गोआर, बस्स. खोऱ्यातला सगळ्यात भरगच्च तुकडा हाच. केडी कंपनीच्या बोटी गावासमोरच्या धक्क्यावरून सुटतात, प्रवाहाबरोबर साधारण पाऊण तास लागतो. उलट दिशेनं, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, सव्वा तासाच्या आसपास, म्हणून जाताना बोट आणि येताना ट्रेन असं करा, ट्रेन तेच अंतर दहा-पंधरा मिनिटांत कापते. माइन्झ ते कोब्लेंझ पूर्ण दिवस बोटीवर बसायचा बेत मी कोणालाच सुचवत नाही, तिसऱ्या तासाला सगळे किल्ले सारखेच दिसायला लागतात आणि मुलं कंटाळतात.

वरच्या उघड्या डेकवर पुढच्या बाजूला जागा धरा. उजवीकडे आधी काउब, त्याच्या वर गुटेनफेल्स आणि पाण्यात फाल्त्सचा किल्ला, मग डावीकडे ओबरवेजेल, तिथल्या तटबंदीचे बुरूज आणि वर श्योनबुर्ग, मग उजवीकडे लोरेलायचा कडा, मग उजवीकडे कात्स आणि डावीकडे ऱ्हाइनफेल्स. काठावर पांढऱ्या पाट्यांवर मोठे आकडे दिसतील, ते कोन्स्टान्झच्या पुलापासूनचे किलोमीटर आहेत. काउबजवळ ५४६, लोरेलायजवळ ५५४. मुलांच्या हातात आकडे आणि किल्ल्यांची नावं लिहिलेला कागद द्या, ती स्वतःच शोधत बसतात.

पाणी कमी-जास्त झालं तर काय, ते खाली वेगळ्या प्रश्नात आहे.

नदीच्या मधोमध जो पांढरा किल्ला दिसतो तिथे आत जाता येतं का?

हो. फाल्त्सग्राफेनश्टाइन, म्हणजे वर सांगितलेला फाल्त्सचा किल्ला, काउबच्या काठावरून छोटी होडी नेते. होडीचं आणि किल्ल्याचं तिकीट वेगळं असतं, सोमवारी साधारणपणे बंद, हिवाळ्यात वेळा कमी, तेव्हा त्या दिवशीची वेळ बघूनच निघा. टॉयलेट आधी काउबलाच उरका.

हा किल्ला राहण्यासाठी नव्हताच, हा जकात नाका होता. १३२७ च्या सुमारास लुडविग राजानं आधी पाच कोनी बुरूज बांधला, नंतर भोवती सहा कोनी तटभिंत आली. काठावरचं काउब गाव, वरचा गुटेनफेल्स आणि हा, तिघं मिळून नदी अडवायचे आणि पैसे भरल्याशिवाय जहाज पुढे सोडायचे नाहीत. वरच्या अंगाचं टोक जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं आहे, पाणी आणि हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ त्यावर आपटून दोन्हीकडे फुटावा म्हणून. जकात वसुली चालली ती १८६० च्या दशकापर्यंत. आणि खोऱ्यातले बहुतेक किल्ले पडले तरी हा कधीच पाडला गेला नाही, म्हणून आतल्या लाकडी गॅलऱ्या, अरुंद जिने, बंदुकांची भोकं सगळं जुनंच बघायला मिळतं.

इतिहासाची आवड असेल तर अजून एक: १८१३ च्या शेवटच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्युखर नेपोलियनचा पाठलाग करत इथेच नदीपार झाला. तरंगता पूल बांधताना बेटाचा आधार घेतला, पूल एकदा तुटला, पुन्हा बांधला आणि सुमारे ५० हजार सैनिक पुढच्या काही दिवसांत पलीकडे गेले. काउबमध्ये त्याचा पुतळा आहे.

काउब तर समोरच दिसतं, पण मॅपवर पूलच सापडत नाही?

कारण पूल नाहीच. माइन्झ-वीसबाडेनपासून कोब्लेंझपर्यंत नदीवर एकही पूल नाही. सांक्त गोआरजवळ बांधायचा की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे. तोवर फेरी, जिच्यात गाड्याही जातात आणि माणसंही. बाखाराखच्या दोन्ही बाजूंना आहेत: खालच्या अंगाला काउबची, वरच्या अंगाला नीडरहाइमबाख ते लोर्ख. काउबच्या फेरीचा डाव्या काठावरचा धक्का गावात नाही, ओबरवेजेलच्या दिशेला साधारण तीन किलोमीटरवर आहे. सायकल ट्रॅक थेट नदीकाठानं जातो, सपाट आहे, चालत पाऊण तास.

फ्रँकफर्टहून येत असाल तर एक छान युक्ती आहे: जाताना उजव्या काठाची आरबी १० पकडा, ती वीसबाडेन, रुडेसहाइम करत थेट काउबला उतरवते. आधी फाल्त्स बघा, मग फेरीनं इकडे या, बाखाराखला राहा आणि येताना डाव्या काठाची गाडी. निघायच्या आदल्या रात्री डीबी नॅव्हिगेटर या रेल्वेच्या ॲपवर दोन्ही काठांच्या गाड्या तपासा, रुळांची कामं निघाली की आठवडेच्या आठवडे ट्रेनऐवजी बस असते आणि तिला खूप जास्त वेळ लागतो.

लोरेलायला जावं का? नुसता दगड आहे म्हणतात.

दगडच आहे, १३२ मीटरचा कडा. वर जाऊन जो दगड बघायला आलात तोच पायाखाली असतो, त्यामुळे तो बोटीतूनच बघा. वरून नदीचं वळण मात्र जबरदस्त दिसतं, चालायची आवड असेल तर नक्की जा.

केस विंचरत गाणाऱ्या आणि नावाड्यांना बुडवणाऱ्या मुलीची ती प्राचीन दंतकथा तेवढी प्राचीन नाही. क्लेमेन्स ब्रेंटानोनं १८०१ मध्ये लोरे लाय हे पात्र रचलं आणि त्याच्या कवितेत ती बाखाराखची राहणारी आहे. आज सगळ्यांना माहीत असलेलं रूप हाइनरिख हाइनेच्या १८२४ च्या कवितेतलं. धोका मात्र खराच आहे. इथे नदी एकदम अरुंद होते, वळते आणि तळाशी खडक आहेत. आजही या टप्प्यात जहाजांसाठी काठावर दिव्यांचे सिग्नल आहेत, वरून कोणतं जहाज येतंय ते खालून येणाऱ्याला त्यावरून कळतं. जानेवारी २०११ मध्ये सल्फ्युरिक ॲसिड घेऊन जाणारं वाल्डहोफ नावाचं टँकर जहाज इथेच उलटलं, दोन खलाशी गेले.

एकच किल्ला बघायचा असेल तर कुठला?

मुलं असतील आणि भटकायचं असेल तर ऱ्हाइनफेल्स. १२४५ मध्ये सुरू झालेला, ऱ्हाइनवरचा सगळ्यात मोठा पडका किल्ला. १६९२ मध्ये फ्रेंचांच्या प्रचंड फौजेला याने दाद दिली नाही, शंभर वर्षांनी मात्र क्रांतीच्या काळातल्या फ्रेंच सैन्यानं न लढता मिळवला आणि उडवून दिला. दुरुस्तीमुळे काही भाग बंद असतात, आधी चौकशी करा.

किल्ल्यात लोक राहायचे कसे हे बघायचं असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. मध्य ऱ्हाइनवरच्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीच न पडलेला हा एकच, स्वयंपाकघर, घोड्यांचा जिना, चिलखतं सगळं आहे, पण आत फक्त गाइडसोबत जाता येतं. बाखाराखहून कोब्लेंझला जाऊन गाडी बदलावी लागते, म्हणून त्याला वेगळा दिवस द्या.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

नाही, पण विचारत जा. फ्लामकुखेन म्हणजे पातळ कुरकुरीत रोटीवर क्रीम आणि कांदा, नेहमीच्या प्रकारात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, त्याचा शाकाहारी प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतो. "ओने श्पेक" हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे ते मांसाचे तुकडे (श्पेक) नकोत. बटाट्याचे कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या गरासोबत येतात, त्यात बहुधा अंडं असतं. केझेश्पेत्सले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, त्यातही अंडं असतंच. शरद ऋतूतला कांद्याचा केक वरून निरागस दिसतो पण त्यातही श्पेक असू शकतो. सूप भाजीचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. अंडं न खाणाऱ्या आजी-आजोबांसाठी दशम्या, ठेपले सोबत ठेवाच, नदीकाठी बसून खायला कोणी अडवत नाही.

दुपारी दोन-अडीच ते साडेपाच बरीच किचन बंद असतात आणि सोमवार-मंगळवारी कुठलं ना कुठलं रेस्टॉरंट बंद असतं. जेवणाची वेळ सांभाळा.

वाइनमधलं काही कळत नाही, काय मागू? आणि पीत नसलो तर?

रीझलिंग मागा. गोड नको असेल तर "ट्रोकेन", थोडी गोडसर चालत असेल तर "हाल्पट्रोकेन", गोडच हवी तर "लीब्लिख". मध्य ऱ्हाइन हा जर्मनीतल्या छोट्या वाइन प्रदेशांपैकी आहे, उतार इतके उभे की बरंचसं काम हातानं करावं लागतं आणि म्हणून कित्येक मळे लोकांनी सोडून दिलेत, डोंगरावर झुडपं माजलेले जुने बांध दिसतील. इथे बाटली घेतलीत तर ती त्या उतारावरच राबणाऱ्या कुटुंबाकडून घ्या, दुकानापेक्षा दोन-तीन युरो जास्त पडले तरी. न पिणाऱ्यांसाठी ट्राउबेनझाफ्ट, म्हणजे द्राक्षांचा रस, अतिशय चांगला मिळतो.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. झेपेल का?

गाव झेपेल, वर नाही. मुख्य रस्ता आणि नदीकाठची बाग जवळपास सपाट आहे, फक्त रस्ते फरशीच्या दगडांचे, जाड तळाचे बूट हवेत. तटबंदीवर, चॅपलला आणि पोस्टेनटुर्मला जायला पायऱ्या किंवा चढ आहेच. त्यांना बागेत बाकावर बसवून तुम्ही वर जाऊन या, किंवा श्टालेकला टॅक्सीनं न्या म्हणजे वरून दिसणारा नजारा त्यांनाही मिळेल. बोट त्यांच्यासाठी सगळ्यात उत्तम. फाल्त्सचा किल्ला टाळा, आतले जिने अरुंद आहेत.

रात्री ट्रेनचा आवाज येतो असं वाचलं, खरं आहे का?

खरं आहे. दोन्ही काठांवर रेल्वे आहे, रात्रभर मालगाड्या जातात आणि दरीत आवाज घुमतो. बाखाराखला रूळ तटबंदी आणि नदीच्या मधूनच जातात. डिसेंबर २०२० पासून जुन्या, जास्त आवाज करणाऱ्या मालडब्यांना बंदी आहे त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं आहे, तरी झोप सावध असेल तर नदीकडची खोली मागू नका. मागच्या गल्लीत किंवा गावामागच्या श्टेगच्या दरीच्या बाजूला खोली घ्या आणि कानात घालायचे बोळे ठेवा.

कॅश लागते का? रविवारी काय बंद असतं?

कॅश ठेवा, होडी, फेरी, छोटं वाइनघर, टॉयलेट यांना सुटे लागतात. रविवारी दुकानं बंद, रेस्टॉरंट चालू. किराणा, औषधं आदल्या दिवशी माइन्झ किंवा बिंगेनला घ्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, बाटली फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून परत मिळतं.

पाणी कमी झालं किंवा पूर आला तर बोटी बंद होतात का? बुकिंग केलंय, काळजी वाटतेय.

दोन्ही होतं, पण वेगवेगळ्या प्रकारे. काउबला नदीची पातळी मोजायची पट्टी आहे आणि अख्ख्या ऱ्हाइनची मालवाहतूक तिच्याकडे डोळे लावून बसते, कारण या टप्प्यात पात्र उथळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे २५ सेंटीमीटरची नोंद झाली होती. म्हणजे नदी २५ सेंटीमीटर खोल होती असं नाही, पट्टीचा शून्य तळाशी नसतो, जहाजांच्या मार्गात त्याहून मीटरभर तरी जास्त पाणी असतं. अशा वेळी मालवाहू जहाजं अर्धीमुर्धी भरून जातात. प्रवासी बोटी हलक्या, त्या बऱ्याचदा चालू राहतात पण काही धक्क्यांवर लागू शकत नाहीत, आणि फाल्त्सची होडी बंद पडू शकते. हे उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात होतं.

पूर येतो तो मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला. काउबच्या पट्टीवर पाणी ६ मीटर ४० सेंटीमीटरच्या वर गेलं की सगळीच जहाज वाहतूक थांबते, फेरीसुद्धा. ट्रेन बहुतेकदा चालू असतात. बोटीचं तिकीट आगाऊ काढायची गरज सहसा नसतेच, त्या दिवशी सकाळी पातळी बघून धक्क्यावर काढा. सप्टेंबरातली "ऱ्हाइन इन फ्लामेन"ची आतषबाजीची रात्र याला अपवाद, त्या बोटी महिनोन् महिने आधी भरतात आणि खोल्याही. २०२९ मध्ये या अख्ख्या खोऱ्यात जर्मनीचं बागबगीच्यांचं राष्ट्रीय प्रदर्शन (बुगा) आहे, त्या वर्षी यायचं असेल तर राहायची सोय सगळ्यात आधी करा.

पलीकडच्या काठावर होतो आणि शेवटची फेरी चुकली, बाखाराखला परत कसं यायचं?

छोट्या फेऱ्या संध्याकाळी लवकर थांबतात आणि हिवाळ्यात अजूनच लवकर, म्हणून हा प्रश्न खरंच येतो. काउब किंवा लोर्खला अडकलात तर आरबी १० नं रुडेसहाइमला या, तिथली बिंगेनची गाड्या नेणारी फेरी रात्री बरीच उशिरापर्यंत चालते, पलीकडे बिंगेन श्टाट स्टेशनवरून आरबी २६ तुम्हाला बाखाराखला सोडेल. सांक्त गोआरसमोरच्या सांक्त गोआर्सहाउजेनला अडकलात तर उलट कोब्लेंझला जाऊन डाव्या काठाची गाडी पकडणं जास्त सोपं. दोन्ही वाटांना दीड-दोन तास जातात, तेव्हा आधी ॲपवर शेवटची आरबी २६ किती वाजता आहे ते बघा आणि ती मिळणार नसेल तर धावाधाव करू नका, हॉटेलला फोन करून किल्ली कुठे ठेवणार ते विचारा, छोट्या हॉटेलांत रात्री रिसेप्शनला कोणी नसतं.